भोवऱ्याची नजर

४ मार्च

कुत्र्यांच्या आश्रयगृहातल्या बाईंनी एक छापील तक्ता दिलाय. कुत्र्याला आज काय शिकवलं आणि जमलं की नाही, एवढ्याच खुणा त्यात करायच्या. बाकीचं तक्त्यात मावणार नाही, म्हणून ही वही काढली. ही कुणी वाचायची नाही. चौतीस वर्षं डब्यांच्या कारखान्यात प्रेसखात्याचा मुकादम होतो, रोजचा शिफ्ट रिपोर्ट मीच लिहायचो. हात शिवशिवतोच.

तर आज बायकोने घरात कुत्रा आणला. मला विचारूनच आणला असं तिचं म्हणणं. परवा जेवताना विचारलं आणि मी मान डोलावली म्हणे. मला आठवत नाही. हल्ली ती जेवताना तोंडातल्या तोंडात बोलते.

ती घरी शिवणकाम करते आणि आश्रयगृहाला कुत्र्यांच्या गाद्यांचे अभ्रे शिवून देते. अभ्रे द्यायला गेली, कुत्रा घेऊन आली. पांढराशुभ्र, उजव्या डोळ्यावर एकच तपकिरी डाग, कुणीतरी ठोसा हाणल्यासारखा. वय दीड वर्ष. जन्मापासून ठार बहिरा. तीन घरांनी नेला आणि तिन्ही घरांनी परत केला. तिसऱ्याने चौथ्याच दिवशी.

चौथ्या दिवसापर्यंत त्यांनी कसा काढला याचंच मला नवल वाटतंय. आल्या आल्या घराला सात फेऱ्या मारल्या, शिलाई मशीनखालची चिंध्यांची पेटी पालथी घातली, सोफ्यावरून खिडकीवर आणि खिडकीवरून माझ्यावर उडी मारली. मग मधोमध उभा राहून स्वतःचं शेपूट धरायला गरगर गरगर. बायकोने तिथल्या तिथे नाव ठेवलं, भोवरा.

"ज्याला ऐकूच येत नाही त्याला नाव कशाला?" मी म्हटलं.

"नाव आपल्यासाठी असतं. तुम्ही काय त्याला 'अहो' म्हणणार?"

सहा आठवडे ठेवायचा, मग चाचणी. बसणं, जागेवर थांबणं, तोंडातली वस्तू सोडणं, दुसऱ्या कुत्र्याजवळून मुकाट जाणं, आणि मोकळा सोडल्यावर परत येणं. जमलं तर कुत्रा आपला. नाही जमलं तर आश्रयगृहाची शहराबाहेर कुंपण घातलेली जागा आहे, तिकडे रवानगी. कोणी नेत नाही अशी कुत्री तिथे राहतात, कायमची. जागा पुष्कळ, माणसं दोन.


५ मार्च

दिवसभर "बस, बस" केलं. तो बसला नाही. संध्याकाळी ही मशीनवरून उठून आली.

"अहो, तो बहिरा आहे. ओरडताय कोणासाठी?"

मुद्दा बरोबर आहे, पण तोंडाला सवय. आणि ओरडत नव्हतो, नेहमीसारखंच बोलत होतो.


७ मार्च

खालच्या मजल्यावरचे वकील आले. कुत्र्याच्या भुंकण्याने डोकं उठतं, अशील फोनवर काय बोलतो ते कळत नाही, सोसायटीकडे अर्ज करीन, वगैरे. मी शांतपणे सांगितलं, तो काही फार भुंकत नाही, अधूनमधून हुंकारतो. वकिलांनी हिच्याकडे पाहिलं, हिने वकिलांकडे. वकील लोकांना राईचा पर्वत करायचेच पैसे मिळतात.


९ मार्च

बाई घरी येऊन दोन तास शिकवून गेल्या. मोठ्या आवाजात, समोर उभं राहून बोलतात. मला असं स्पष्ट बोलणारं माणूस आवडतं.

झोपेतून उठवताना एकदम हात लावायचा नाही, दचकून चावेल; जवळच्या फरशीवर पाय आपटायचा, हादरा कळतो. खोलीत बोलवायचं तर दिवा दोनदा लावायचा-विझवायचा. आणि मुख्य म्हणजे, आधी नजर, मग काम.

"ऐकणाऱ्या कुत्र्याला पाठीमागून हाक मारता येते," बाई म्हणाल्या. "याला नाही. हा आपण होऊन वळून तुमच्याकडे बघेपर्यंत तुमच्या हातात काहीच नाही. म्हणून बघितलं रे बघितलं की त्याला वाटलं पाहिजे, बरं झालं बघितलं. त्या क्षणी बक्षीस. दिवसातून शंभरदा."

जाताना म्हणाल्या, "तुमच्या मिसेस चार वेळा येऊन गेल्या. आमच्याकडे शहाणी, ऐकणारी बारा कुत्री आहेत. पण नाही, हाच हवा."

मी म्हटलं, तिला पांढरा रंग पहिल्यापासून आवडतो.


१२ मार्च

शंभरदा बक्षीस द्यायला आधी बक्षीस हवं ना. बिस्किट दिलं, हुंगून सोडलं. अंडं उकडून दिलं, खाल्लं आणि निघाला. चिकनचे तुकडे दिले, तेही खाल्ले आणि निघाला. खाणं म्हणजे त्याच्या लेखी वाटेत लागणारं स्टेशन, मुक्काम नव्हे. चेंडू फेकला तर चेंडूच्या पुढे पळत गेला आणि चेंडू विसरला.

रोज सकाळी तासभर चालवतो, संध्याकाळी तासभर. माझे गुडघे बोलायला लागलेत, त्याचं अंग मात्र तसंच उकळतं.

मुलीचा फोन आला. तिला म्हटलं, तुझा आवाज विहिरीतून येतो, फोनची कंपनी बदल. ती म्हणाली, "बाबा, आईला द्या." सगळ्यांना हल्ली आईच लागते.

खरं सांगायचं तर परत द्यावा असं वाटतंय. वहीत लिहायला काय हरकत आहे.


१५ मार्च

दिव्याची युक्ती लागू पडली. ही स्वयंपाकघरातला दिवा दोनदा मिचकावते, भोवरा धावत जातो. पाठोपाठ मीही जातो, कारण तेव्हा नेमका चहा झालेला असतो. गंमत अशी की आज सकाळी भोवरा माझ्या पायावरच गाढ झोपला होता, तरी हिने दिवा मिचकावला.

"अगं, तो झोपलाय," मी जाऊन सांगितलं.

"असू दे. सराव होतो," ती म्हणाली आणि कप पुढे केला.

शिकवण्यात सातत्य लागतं हे तिला पटलेलं दिसतंय. मीच थोडा ढिला पडलो होतो.


१८ मार्च

आज पहिल्यांदा तक्त्यात बरोबरची खूण केली, आणि तीही चुकून जमली.

गिऱ्हाइकाचा शिवून झालेला झगा त्याने खुर्चीवरून ओढला आणि बोळातून सुसाट निघाला. बाईंनी शिकवलेला 'थांब'चा हात, तो नाजूक उघडा पंजा, मी नऊ दिवस करतोय. त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही. आज मी भडकलो. बोळाच्या तोंडाशी पाय रोवले आणि मूठ वळून डोक्यावर नेली.

भोवरा घसरत, नखं ओरखडत, जागच्या जागी थांबला. तोंडात झगा, डोळे माझ्या मुठीवर.

ती मूठ कारखान्यातली आहे. आमच्या खात्यात चाळीस प्रेस एकदम चालायचे. तोंडाने बोलायची सोय नव्हती, बारा तास सगळा कारभार हातांनी. मूठ वर म्हणजे मशीन बंद. त्या मुठीवर माणसांची बोटं वाचलेली आहेत, ती अशीतशी उचलता येत नाही. कानात कापूस घालायचा नियम होता, पण मुकादमाला कुठे कापूस घालून चालतं.

हिने बाईंना फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, खूण कुठलीही चालते, ती करणाऱ्याच्या अंगात मुरलेली हवी.

मग काय. बाईंच्या खुणा रद्द. उद्यापासून कारखान्याची भाषा. मूठ वर, थांब. तळवा खाली, बस. छातीवर दोन थापा, माझ्याकडे ये. अंगठा, छान. हीसुद्धा शिकतेय, माझ्याहून चटकन.


२० मार्च

रात्री उशिरा लिहितोय.

सकाळी पुढच्या खोलीत उघड्या दाराशी बसून बुटांना पॉलिश करत होतो. पाठ घराकडे. भोवरा आतल्या खोलीत हिच्यापाशी होता. एकदम माझ्या खांद्यावरून पांढरं काहीतरी उडालं आणि जिन्यावरून गेलं. त्याच्यामागे ही. मला ढकलून गेली म्हटलं तरी चालेल. शेवटच्या तीन पायऱ्यांवर तिचा पाय मुरगळला आणि ती खाली बसली. मी पोचलो तर तिने हातानेच सांगितलं, जा, त्याच्यामागे जा. तोवर वकील दार उघडून बाहेर आले होते.

मी रस्त्यावर पळालो. भोवरा रस्त्याच्या बरोब्बर मधोमध, शेपूट वर, आनंदात. समोरून बस. ड्रायव्हर हॉर्नवर पडलाच असणार, पण हॉर्न कोणासाठी? बस त्याच्यापासून हातभरावर थांबली. त्याला पत्ताही नाही. तो पलीकडे गेला, गल्लीत शिरला, दिसेनासा झाला.

मी त्याचं नाव घेऊन हाका मारत धावत होतो. बहिऱ्याच्या नावाने. लोक थांबून बघत होते.

दीड तासाने लाकडाच्या वखारीत सापडला. ओंडक्यांच्या थप्प्यांवरून उड्या मारत होता, वखारीतली माणसं टाळ्या पिटत होती. मी मूठ वर केली. पण मूठ दिसायला त्याने बघायला तर हवं. तो एकदाही माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी दमून आपणच भुशात आडवा झाला, तेव्हा दोरी अडकवली.

हिचा घोटा सुजून टम्म झालाय. डॉक्टरांनी पट्टी बांधली. तीन आठवडे पाय टेकवायचा नाही.


२१ मार्च

भांडण. ती म्हणते, "मी तीनदा ओरडले, दार लावा म्हणून. तुम्ही ढिम्म."

मी म्हटलं, तू मनात ओरडली असशील. ओरडली असतीस तर मला ऐकू आलं नसतं का? मी काय तुझ्या कुत्र्यासारखा आहे?

ती मान फिरवून बसली. म्हणजे पटलं असणार.


२२ मार्च

वकील हिच्यासाठी कुबडी घेऊन आले, त्यांच्या आईची होती. त्यांनीच परवा हिला धरून वर आणलं होतं. आभार मानावेत म्हणून त्यांना खाली सोडायला गेलो. जिन्यात म्हटलं, काय करणार, ही हाक मारत नाही आणि मग माझ्यावर ढकलते.

वकील पायरीवर थांबले, वळले, माझ्यासमोर आले.

"साहेब," म्हणाले, "मी खाली होतो. खिडकी बंद, पंखा चालू. मला तीन हाका ऐकू आल्या. तिसऱ्या हाकेला मी खुर्चीतून उठलो, म्हणून तर वेळेवर बाहेर आलो."

मी वर आलो आणि दार लावून घेतलं.


२३ मार्च

तक्ता भरला नाही.


२५ मार्च

भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक नाही, नव्या पद्धतीचं आहे, असं मी धरून चाललो होतो. आज ही आंघोळीला गेल्यावर स्टुलावर चढून कान लावला. पार काचेला टेकवला. तेव्हा टिकटिक ऐकू आली. दूरवर कोणी खिळा ठोकतंय इतकी.

दरवाजाची बेलही नादुरुस्त नाही. बेल दाबली आणि बोट तिच्यावर ठेवलं तर थरथरते.

कोणाला सांगायचं नाही. साठीच्या पुढे सगळ्यांचं थोडंफार होतंच. भोवरा स्टुलाखाली बसून वर बघत होता. त्याला मात्र सांगितलं. तो तरी कुठे ऐकणार आहे.


२८ मार्च

सापडलं!

हिचा पाय वर, त्यामुळे घरकाम माझ्याकडे. माळा साफ करताना कारखान्यातला माझा जुना चामड्याचा हातमोजा खाली पडला. तेलकट, कडक, अंगठ्याला भोक. भोवऱ्याने तो हवेतच झेलला आणि असा झटकला की काय सांगू. दुसरं टोक मी धरलं. तो ओढतो, मी ओढतो. गुरगुरतोय, शेपूट पंख्यासारखं फिरतंय, आणि डोळे? डोळे माझ्या डोळ्यांत. खाल्लेलं बक्षीस संपतं हो. हे बक्षीस म्हणजे मीच दुसऱ्या टोकाला.

लगेच धडा. मोजा पाठीमागे धरला आणि गप्प उभा राहिलो. त्याने खोली धुंडाळली, पलंगाखाली पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. अंगठा वर, मोजा पुढे, खेच! पुन्हा लपवला. पुन्हा पाहिलं. अर्ध्या तासात एकोणचाळीस वेळा. ही पलंगावर बसून मोजत होती.

"या मुलाला खाऊ नको होता," ती म्हणाली. "सोबत हवी होती."

मी म्हटलं, सोबत नाही, काम. कारखान्यात बिनकामाचा माणूस असाच पिसाळायचा. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. पुढच्या महिन्यात मला घरी बसून वर्ष होईल.


२ एप्रिल

तक्त्यात ओळीने बरोबरच्या खुणा. तळव्यावर बसतो. मुठीवर थांबतो, वीस मोजेपर्यंत हलत नाही, फक्त नाकपुड्या हलतात. 'सोड'ची खूण केली की मोजा सोडतो, कारण सोडला की पुन्हा मिळतो हे त्याला उमगलं. हे कारखान्यातल्या दोघा-तिघांना निवृत्तीपर्यंत उमगलं नव्हतं.

मैदानावर तीस फुटी दोरी बांधून मोकळा सोडतो. तो हुंगत जातो. मी खांबासारखा उभा. पूर्वी दोरी ताणली जाईपर्यंत वळायचा नाही. आता दहा पावलं गेला की मान फिरवून बघतो. छातीवर दोन थापा मारल्या की सुटतो तो थेट माझ्या मांडीवर आदळतो. दोन्ही मांड्या काळ्यानिळ्या. फार समाधान वाटतं.


६ एप्रिल

नको तो दिवस. बागेत एक छोटीशी, केसाळ, टिचभर कुत्री समोरून आली आणि भोवऱ्याने मला फुलांच्या वाफ्यातून ओढत नेलं. मूठ काय, मोजा काय, सगळं फुकट. कुत्रीच्या मालकीणबाईंचे ओठ बराच वेळ हलत होते. काय म्हणाल्या कळलं नाही, पण गौरव नसावा.

घरी येऊन हिला म्हटलं, नाही जमणार. नऊ दिवस उरलेत.

ती माझ्या समोर येऊन बसली. हल्ली ती बोलायच्या आधी समोर येते, खांद्याला हात लावते, मी बघितल्यावरच बोलते. "त्याला लांबून दाखवा. रस्त्याच्या पलीकडून. जिथवर त्याला तुमच्याकडे बघायला जमतं तिथवरच न्यायचं, आणि रोज चार पावलं जवळ. एकदम तोंडावर नेलं तर बिथरतोच कोणी."

"हे कुठे शिकलीस?"

"करून करून कळतं," ती म्हणाली.


११ एप्रिल

रस्त्याच्या पलीकडून सुरुवात केली होती, आज त्याच केसाळ कुत्रीच्या बाजूने गेलो, चार हातांवरून. भोवऱ्याचं सगळं अंग तिकडे झुकलं, कान तिकडे, शेपूट तिकडे. पण डोळे फिरवून माझ्याकडे आणले त्याने. मन मारून. मी भर बागेत मोजा काढून त्याच्याशी पाच मिनिटं झोंबलो. मालकीणबाई म्हणाल्या, "वा!" हे ओठांवरून स्पष्ट कळलं.


१५ एप्रिल

सविस्तर लिहितो.

आश्रयगृहाच्या मागचं मैदान, चारही बाजूंनी कुंपण. बाई, आणि परीक्षक म्हणून प्राण्यांचे डॉक्टर. ही कुबडी घेऊन बाकावर. वकीलही आले होते! म्हणाले, निकाल माझ्याविरुद्ध लागला तर ऐकायला मी हजर नको का?

बाईंनी सुरुवातीलाच मोजा काढून घेतला. "चाचणीत हातात काही चालत नाही." मोजा हिच्या मांडीवर गेला. आता त्याने माझ्याकडे का म्हणून बघावं?

डॉक्टर मघाशी एका कुत्र्याच्या जखमा धूत होते, तोंडावर मास्क तसाच. माझ्यापासून वीस पावलांवर वही घेऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होतो. मास्क हलला. थांबला. पुन्हा हलला. मी तसाच उभा. भोवरा माझ्याकडे बघतोय, मी मास्ककडे. डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मास्क तिसऱ्यांदा हलला.

मला कळून चुकलं की ते सांगताहेत आणि मी करत नाहीये आणि वहीत भोवऱ्याच्या नावावर फुल्या पडताहेत. माझ्या फुल्या. शहराबाहेरचं ते कुंपण डोळ्यांपुढे आलं. शरमेने कानशिलं तापली, पण त्या पोराचा काय दोष?

मी हात वर केला आणि म्हणालो, बहुतेक फार मोठ्याने म्हणालो, कारण कुंपणावरची कबुतरं उडाली:

"डॉक्टर, मला ऐकू येत नाही! कुत्र्याला येत नाही तसं मलाही येत नाही. हाताने सांगा!"

मग बाकावरून ही उठली. एका पायावर, कुबडी काखेत. डॉक्टरांच्या बाजूला लंगडत जाऊन उभी राहिली, त्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे तोंड करून तळवा खाली केला. बसवा. डॉक्टरांनी आधीच्या फुल्या खोडल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मग आम्हा चौघांची साखळीच लागली. डॉक्टर तिला सांगत, ती हाताने मला, मी हाताने त्याला. बसला. मूठ वर, मी तीस पावलं लांब गेलो, तो दगडासारखा थांबला. तोंडात दिलेली काठी सोडली. बाईंनी एक मोठा काळा कुत्रा शेजारून नेला. भोवऱ्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले, पण तो गेला नाही. कारखान्यात भर शिफ्टला सगळं खातं एका लयीत चालायचं, तसं झालं होतं.

शेवटची परीक्षा. दोरी सोडली.

भोवरा गोळीसारखा सुटला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणाशी. पलीकडून कोणीतरी सायकलवर चाललं होतं, हा आतून त्याच्याबरोबर पळतोय. आमच्याकडे पाठ. शंभर पावलं तरी असतील. तीन मिनिटांत तो परत यायला हवा, असा नियम. करायचं काय? हाक नाही, मोजा नाही, दिवा नाही, फरशी नाही. पाय रोवून उभं राहायचं. एवढंच माझ्या हातात.

सायकल वळणावर दिसेनाशी झाली. भोवऱ्याने कुंपण हुंगलं. एक तंगडी वर करून हिशोब चुकता केला. पुढे निघाला. एक मिनिट गेलं, दोन गेली असतील.

आणि तो थांबला. काही कारण नाही, कोणी सांगितलं नाही. मान फिरवून त्याने अख्ख्या मैदानावरून बरोब्बर माझ्याकडे बघितलं. हे इथे आहेत ना, एवढंच बघितलं त्याने.

छातीवर दोन थापा मारल्या. त्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटले. मला तो येताना दिसला, पांढरा, लहानाचा मोठा होत, आणि मग आकाश दिसलं, कारण मी उताणा होतो आणि तो माझ्या छातीवर उभा राहून माझं तोंड चाटत होता.

उठून बघतो तो डॉक्टरांनी मास्क खाली ओढलेला, दोन्ही अंगठे वर. बाई डोळे पुसत होत्या. वकील टाळ्या वाजवत होते. ही मात्र कुबडी टाकून हसत होती. इतकी हसत होती की मला आधी वाटलं रडतेय. जवळ गेलो, तर दोन्ही.

कागदावर सही करताना नाव विचारलं. हिने लिहिलं, भोवरा. मालक म्हणून माझी सही.

येताना मी म्हटलं, उद्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी म्हणतो.

"घेतलेली आहे," ती म्हणाली. "फेब्रुवारीपासून तीनदा पुढे ढकललीय."

मला काही बोलली नव्हती. की बोलली होती, कोण जाणे.


२९ एप्रिल

कानात यंत्र येऊन पाच दिवस झाले. कागद इतका करकरतो हे मी विसरलोच होतो. आणि भोवरा भुंकतो! केवढ्याने! छप्पर उडेल. खाली जाऊन वकिलांची माफी मागितली. ते म्हणाले, खटला मागे घेतलाय.

बाईंचा फोन आला, मी स्वतः घेतला, शब्द न् शब्द ऐकला. त्यांच्याकडे अशीच परत आलेली आणखी चार कुत्री आहेत, त्यातलं एक बहिरं. दर शनिवारी सकाळी येऊन कुत्र्यांना आणि त्यांना नेणाऱ्या माणसांना शिकवाल का? कुत्री शिकतात हो, म्हणाल्या, माणसांचंच अवघड जातं. मी म्हटलं, माणसांचं माझ्यावर सोडा. पोरं घाबरायची माझ्या मुठीला.

आज संध्याकाळी पुढच्या खोलीत बसलो होतो. आतून मशीनचा आवाज येत होता आणि मशीनबरोबर आणखी एक. नीट ऐकलं. ही गुणगुणत होती. शब्द नाहीत, नुसती चाल, टाक्याच्या लयीत. दाराशी जाऊन उभा राहिलो.

"पुन्हा कधी सुरू केलंस?"

"काय?"

"गुणगुणणं. लग्न झालं तेव्हा करायचीस. मग बंद केलंस."

तिने पायडलवरचा पाय काढला. "मी कशाला बंद करू?"

मला तिथून हलवेना. ती म्हणाली, "बसा मग," आणि पुन्हा शिवायला लागली. मी जमिनीवरच बसलो, भिंतीला टेकून. भोवरा येऊन माझ्या मांडीवर हनुवटी ठेवून आडवा झाला आणि वर बघत राहिला. मी काही खूण केली नाही, हातात काही नव्हतं. तरी बघतच राहिला.